वर्डप्रेसचा डॅशबोर्ड आपल्या माणसांच्या सोयीचा करा: ॲक्शन हुक पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी

नागपुरात आता इतवारीच्या होलसेलवाल्यापासून धरमपेठेतल्या ट्युशन क्लासपर्यंत कितीतरी जणांची स्वतःची वेबसाइट असते, आणि त्यातल्या बऱ्याच वर्डप्रेसवर असतात. बनवणारा साइट बनवून देतो, आयडी-पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्याचं काम झालं. मग दुकानातलं जे कोणी रोज ती साइट सांभाळणार असतं ते लॉगिन करतं आणि समोर काय दिसतं, तर वर्डप्रेसच्या जगभरच्या बातम्या, साइट हेल्थचा गोल, क्विक ड्राफ्ट, आणि वर कुठल्यातरी प्लगइनची "प्रो घ्या" म्हणणारी पट्टी. ज्या कामासाठी आलो ते कुठे आहे तेच सापडत नाही. मग फोन येतो, "अहो ताई, ते फोटो कुठून टाकायचे होते?" आणि दोन दिवसांनी परत तोच फोन.

यात त्या माणसाची काहीच चूक नाही. डॅशबोर्ड त्याच्यासाठी लावलेलाच नाही. आणि तो लावून देणं अजिबात अवघड नाही, पन्नास-साठ ओळींचं काम आहे, त्यासाठी ॲक्शन हुक नावाची एक गोष्ट नीट समजली की पुरे. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी वर्डप्रेस इन्स्टॉल केलंय, थीम-प्लगइन टाकलेत, पीएचपीची फाइल उघडून बघितलीय, पण स्वतः हुक कधी लिहिला नाही.

उदाहरण एकच घेते आणि शेवटपर्यंत तेच चालवते. धरून चला की काटोल रोडवर एक संत्र्याची रोपवाटिका आहे. काका मालक आहेत, पुतणी कॉलेज करून साइट सांभाळते. साइटवर जंबेरी खुंटावरची (खुंट म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते) कलमं किती शिल्लक, रंगपूर खुंटावरची किती, भाव काय, हे लिहिलेलं असतं आणि पावसाळा जवळ आला की हे आकडे सारखे बदलावे लागतात कारण लागवडीसाठी गावोगावचे शेतकरी साइट बघून फोन करतात.

आधी माणसाजवळ बसा, मग एडिटर उघडा

कोड लिहायच्या आधी जो डॅशबोर्ड वापरणार आहे त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसा आणि तो रोज काय काय करतो ते बघा. विचारू नका, बघा, कारण विचारलं की माणूस म्हणतो "सगळंच लागते" आणि बघितलं की कळतं तीनच गोष्टी लागतात. आपल्या पुतणीला लागतं ते इतकंच: शिल्लक रोपांचं पान उघडून आकडे बदलणं, नवीन फोटोंची पोस्ट टाकणं, आणि काकांनी लिहून ठेवलेला ड्राफ्ट तपासून पब्लिश करणं. हे तीन कागदावर लिहा. पुढचं सगळं याच कागदावरून ठरणार आहे.

आणि दोन गोष्टी बिना कोडच्या होतात त्या आधी करून टाका. एक, भाषा. वर्डप्रेस मराठीत मिळतं, आणि ४.७ व्हर्जनपासून प्रत्येक युजरला आपापल्या प्रोफाइलमध्ये जाऊन भाषा वेगळी निवडता येते, म्हणजे पुतणीला मराठी आणि तुम्हाला इंग्रजी असं एकाच साइटवर चालतं. मराठी आधी सेटिंग्जच्या जनरलमधून एकदा इन्स्टॉल करून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, डॅशबोर्डवर उजवीकडे वर स्क्रीन ऑप्शन्स नावाचं बटन आहे, तिथून टिक काढली की बॉक्स जातात. पण ते फक्त त्या एका युजरपुरतं असतं. साइटवर एकच माणूस काम करत असेल तर तेवढ्यावर भागवा, उगाच कोड कशाला लिहायचा. दोन-चार लोक असतील, माणसं बदलत असतील, किंवा त्यांच्यासाठी काही नवीन दाखवायचं असेल तर मग हुक.

हुक म्हणजे नेमकं काय

ॲडमिनचं कुठलंही पान उघडलं की वर्डप्रेस एका ठरलेल्या क्रमाने कामं करत जातं. विदर्भ एक्सप्रेस नागपूर सोडते, मग वर्धा, मग बडनेरा, मग अकोला, तसं. प्रत्येक स्टेशनवर वर्डप्रेस क्षणभर थांबतं आणि विचारतं, इथे कोणाचं काही काम आहे का? ज्याने आधी नाव नोंदवलंय त्याचं फंक्शन तिथे चालतं आणि गाडी पुढे जाते. हे स्टेशन म्हणजे ॲक्शन हुक. आणि गाडी बडनेऱ्याला पोचल्यावर वर्ध्याला चढायचं म्हटलं तर जमत नाही, तसंच जो हुक होऊन गेला त्यावर नंतर नाव नोंदवून काही होत नाही, कुठली एरर पण येत नाही, नुसतं काहीच घडत नाही. नवीन माणसाला सगळ्यात जास्त वेळ याच जागी अडकायला होतं, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

नाव नोंदवायचं काम करतं ॲड_ॲक्शन नावाचं फंक्शन. त्याला दोन गोष्टी द्याव्याच लागतात, हुकचं नाव आणि आपल्या फंक्शनचं नाव. तिसरी गोष्ट प्रायोरिटी, दिली नाही तर १० धरली जाते, आकडा लहान तितकं आधी चालतं. चौथी म्हणजे आपल्या फंक्शनला किती आर्ग्युमेंट्स, म्हणजे हुककडून हातात मिळणाऱ्या गोष्टी, हवेत, ती दिली नाही तर १.

याचा भाऊ म्हणजे फिल्टर. ॲक्शन म्हणजे "इथे हे काम कर". फिल्टर म्हणजे "ही वस्तू घे, बदल आणि परत दे". फिल्टरमध्ये रिटर्न लिहायला विसरलं की ती वस्तू गायबच होते, पानावर रिकामी जागा दिसते. या लेखात फिल्टर एकाच ठिकाणी येईल, बाकी सगळं ॲक्शन.

वर्डप्रेस आलं २००३ च्या मे महिन्यात, आणि हुकची ही व्यवस्था २००४ मध्ये १.२ व्हर्जनसोबत आली. ती आहे म्हणूनच वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींना हात लावायची गरज पडत नाही. डब्ल्यूपी-ॲडमिन फोल्डरमध्ये घुसून एखादी ओळ उडवणारे लोक अजून भेटतात. तसं करू नका, पुढचं अपडेट आलं की ती फाइल नवी येते, तुमचं काम पुसलं जातं.

एक सूचना. हुकची आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहून राहिले आहे, तुम्ही एडिटरमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, जिथे खालची रेघ दिसते तिथे अंडरस्कोर आणि जिथे आडवी रेघ दिसते तिथे डॅश. स्पेलिंगची शंका आली तर वर्डप्रेसच्या डेव्हलपर हँडबुकमध्ये नाव शोधून घ्या, एक अक्षर चुकलं तरी हुक मुकाट बसून राहतो.

कोड ठेवायचा कुठे

पहिली गोष्ट, चालू साइटवर नाही. स्वतःच्या कॉम्प्युटरवर झॅम्प किंवा लोकल (कॉम्प्युटरवरच साइट चालवून देणारे प्रोग्राम) टाकून तिथे वर्डप्रेस उभं करा. तेही नको असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड ब्राउझरमध्येच चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, नुसतं हुक कसा चालतो हे बघायला ते चांगलं आहे.

दुसरी गोष्ट, थीमच्या फंक्शन्स.पीएचपी मध्ये नाही. बहुतेक व्हिडिओंमध्ये तिथेच टाका म्हणून सांगतात, आणि चालतंही, पण डॅशबोर्डचा आणि थीमचा संबंध काय? उद्या काकांनी दिवाळीच्या आधी थीम बदलली की पुतणीचा डॅशबोर्ड परत जुन्यासारखा. थीम अपडेट झाली तरी तेच. म्हणून छोटा प्लगइन बनवा, नाव ऐकून वाटतं तितकं ते मोठं प्रकरण नाहीच.

डब्ल्यूपी-कंटेंट मध्ये प्लगइन्स फोल्डर आहे, त्यात रोपवाटिका-डॅशबोर्ड नावाचं फोल्डर करा, आत त्याच नावाची पीएचपी फाइल. फाइलच्या पहिल्या ओळीत पीएचपीचा ओपनिंग टॅग, त्याखाली कमेंटमध्ये प्लगइन नेम, कोलन, आणि नाव. नाव मराठीत लिहिलं तरी चालतं. एवढं असलं की प्लगइन्सच्या यादीत तो दिसायला लागतो. त्याखाली एक ओळ टाका की एबीएसपाथ हा कॉन्स्टंट डिफाइन नसेल तर एक्झिट, म्हणजे कोणी ती फाइल सरळ ब्राउझरमध्ये उघडली तर काही चालणार नाही. शेवटी पीएचपीचा क्लोजिंग टॅग टाकूच नका. त्याच्यानंतर एखादी रिकामी ओळ राहिली तर "हेडर्स ऑलरेडी सेंट" म्हणून वॉर्निंग येते आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, पण बॉम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला बसणारी न दिसणारी खूण, नको. आपण आत मराठी मजकूर लिहिणार आहोत त्यामुळे यूटीएफ-८ पाहिजेच, आणि बॉम असला की वरचीच वॉर्निंग. व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंग दिसतं, तिथे एकदा बघून घ्या. आणि कोड व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून कॉपी करू नका, तिथून येताना सरळ कोट्सचे वाकडे कोट्स होऊन येतात, दिसायला फरक कळत नाही आणि पीएचपीला ते समजत नाहीत.

म्यू-प्लगइन्स नावाचं पण एक फोल्डर करता येतं, त्यातली फाइल आपोआप चालू असते, ॲक्टिव्हेट करावी लागत नाही, आणि ॲडमिनमधून कोणी बंद पण करू शकत नाही. क्लायंटच्या साइटला ते बरं पडतं. पण शिकताना नको, चूक झाली तर साधा प्लगइन बंद करता येतो, हा करता येत नाही. आणि लक्षात ठेवा, त्यात फाइल सरळ टाकावी लागते, आतल्या फोल्डरमधल्या फाइली वर्डप्रेस स्वतःहून उचलत नाही.

पहिला हुक: नको ते बॉक्स काढणं

हुकचं नाव डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप. वर्डप्रेसने आपले सगळे बॉक्स नोंदवून झाले की हा हुक येतो, म्हणून काढायचं काम इथेच. आपल्या फंक्शनचं नाव ठेवू रोप_डॅशबोर्ड_साफ. पुढे रोप_ लावलंय ते मुद्दाम, प्रत्येक फंक्शनला आपला काहीतरी प्रिफिक्स लावायचाच, नाहीतर दुसऱ्या प्लगइनमध्ये त्याच नावाचं फंक्शन निघालं की "कॅनॉट रीडिक्लेअर" म्हणून अख्खी साइट बसते.

काढणारं फंक्शन आहे रिमूव्ह_मेटा_बॉक्स. त्याला तीन गोष्टी द्यायच्या, बॉक्सचा आयडी, स्क्रीनचं नाव म्हणजे डॅशबोर्ड, आणि बॉक्स कुठल्या भागात नोंदवलाय ते, नॉर्मल की साइड. कोड असा दिसेल:

फंक्शन रोप_डॅशबोर्ड_साफ() {
रिमूव्ह_मेटा_बॉक्स( 'डॅशबोर्ड_प्रायमरी', 'डॅशबोर्ड', 'साइड' );
रिमूव्ह_मेटा_बॉक्स( 'डॅशबोर्ड_क्विक_प्रेस', 'डॅशबोर्ड', 'साइड' );
}
ॲड_ॲक्शन( 'डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप', 'रोप_डॅशबोर्ड_साफ', ९९९ );

आकडा अर्थात इंग्रजीत टाइप करायचा. डॅशबोर्ड_प्रायमरी म्हणजे तो बातम्या आणि इव्हेंटवाला बॉक्स, क्विक_प्रेस म्हणजे क्विक ड्राफ्ट. ॲक्टिव्हिटीचा आयडी डॅशबोर्ड_ॲक्टिव्हिटी, ॲट अ ग्लान्सचा डॅशबोर्ड_राइट_नाऊ, साइट हेल्थचा डॅशबोर्ड_साइट_हेल्थ, हे तिन्ही नॉर्मलमध्ये. ॲक्टिव्हिटी मी शक्यतो काढत नाही, आत्ता काय पब्लिश झालं ते त्यात दिसतं आणि कामाचं असतं. साइट हेल्थ पुतणीच्या उपयोगाचं नाही पण तुमच्या उपयोगाचं आहे, ते कसं करायचं ते पुढे येतंच.

प्लगइनवाल्यांचे बॉक्सही याच पद्धतीने जातात, फक्त आयडी शोधावा लागतो. बॉक्सवर राइट क्लिक, इन्स्पेक्ट, आणि त्या पोस्टबॉक्स क्लासवाल्या डिव्हचा आयडी बघा. प्रायोरिटी ९९९ काऊन दिली? कारण प्लगइनवाले पण याच हुकवर आपले बॉक्स टाकतात, बहुतेक १० वर, आणि आपल्याला त्यांच्या मागून जायचं आहे. आयडी बरोबर आहे आणि तरी बॉक्स हटत नाही असं झालं तर नॉर्मलच्या जागी साइड करून बघा.

वरचं मोठं वेलकम पॅनल मेटा बॉक्स नाही, ते वेगळं जातं. तो स्वतःच एक हुक आहे, वेलकम_पॅनल, आणि त्यावर वर्डप्रेसने डब्ल्यूपी_वेलकम_पॅनल नावाचं फंक्शन टांगलंय. ते रिमूव्ह_ॲक्शनने खाली उतरवायचं, आणि ही ओळ पण आपल्या रोप_डॅशबोर्ड_साफ मध्येच टाका, बाहेर मोकळी नको, कारण टांगायच्या आधीच उतरवायला गेलं तर उपयोग नाही. रिमूव्ह_ॲक्शनचं अजून एक लक्षात ठेवायचं, ज्या प्रायोरिटीवर टांगलं तीच प्रायोरिटी काढताना द्यावी लागते, इथे ती १० च असल्यामुळे लिहायची गरज नाही.

आपला स्वतःचा बॉक्स

काढण्यापेक्षा हे महत्त्वाचं. नुसतं काढून ठेवलं तर पान मोकळं होतं पण कामाचं होत नाही. त्याच डब्ल्यूपी_डॅशबोर्ड_सेटअप हुकवर दुसरं एक फंक्शन लावा आणि त्यात डब्ल्यूपी_ॲड_डॅशबोर्ड_विजेट बोलवा. त्याला आयडी द्या, वर दिसणारं नाव द्या, "आजची कामं" असं साधं, आणि तिसरं म्हणजे त्या फंक्शनचं नाव जे बॉक्सच्या आतला मजकूर छापेल.

त्या आतल्या फंक्शनमध्ये साधं एचटीएमएल एको करायचं. आता तो कागद काढा ज्यावर तीन कामं लिहिली होती. तीन कामं, तीन मोठ्या लिंका: "शिल्लक रोपं बदला", "नवीन फोटो टाका", "काकांचे ड्राफ्ट बघा". लिंक बनवताना साइटचा पूर्ण पत्ता हाताने लिहू नका, ॲडमिन_यूआरएल फंक्शन वापरा, कारण तुमच्या कॉम्प्युटरवरचा पत्ता आणि खऱ्या साइटचा पत्ता वेगळा. आणि छापताना लिंकेला ईएससी_यूआरएल, मजकुराला ईएससी_एचटीएमएल लावायची सवय पहिल्या दिवसापासून ठेवा. आत्ता मजकूर तुम्हीच लिहिलेला आहे म्हणून धोका वाटत नाही, पण उद्या तिथे डेटाबेसमधलं काही छापाल तेव्हा हीच सवय कामी येते.

तिसऱ्या लिंकेशेजारी किती ड्राफ्ट पडून आहेत तो आकडा दाखवा. डब्ल्यूपी_काउंट_पोस्ट्स बोलवलं की एक ऑब्जेक्ट मिळतो, त्यात ड्राफ्ट, पब्लिश असे वेगवेगळे आकडे असतात. "काकांचे ड्राफ्ट बघा, ४ बाकी" असं दिसलं की माणूस क्लिक करतोच. शून्य असला तर "सगळं झालं" असं लिहा, शून्याचा आकडा दाखवण्यापेक्षा ते वाचायला बरं.

बटनांवरचे शब्द मात्र तुम्ही ठरवू नका. पुतणी आणि काका ज्याला "शिल्लक" म्हणतात त्याला तुम्ही "स्टॉक व्यवस्थापन" लिहिलं तर परत फोन येणार. खुंटाला ते खुंट म्हणतात तर बॉक्समध्येही खुंटच लिहा.

डावीकडचा मेन्यू

याचा हुक ॲडमिन_मेन्यू. काढायला रिमूव्ह_मेन्यू_पेज, आत त्या मेन्यूचा स्लग, म्हणजे वर्डप्रेस त्या मेन्यूला ज्या नावाने ओळखतं ते. कमेंट्ससाठी एडिट-कमेंट्स.पीएचपी, टूल्ससाठी टूल्स.पीएचपी. मेन्यूवर माउस नेला की खाली लिंक दिसते, डब्ल्यूपी-ॲडमिनच्या पुढचा जो भाग तोच बहुतेक वेळा स्लग असतो.

पण फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तपासा की करंट_यूजर_कॅन मध्ये मॅनेज_ऑप्शन्स दिल्यावर उत्तर हो येतं का. येत असेल तर रिटर्न, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा मेन्यू जसाच्या तसा राहतो आणि बाकीच्यांचा छोटा होतो. हीच ओळ वरच्या रोप_डॅशबोर्ड_साफ मध्ये टाकली की साइट हेल्थ तुम्हाला दिसेल आणि पुतणीला दिसणार नाही. तपासायचं ते कॅपेबिलिटीवरून, म्हणजे युजरला कशाची परवानगी आहे त्यावरून, रोलच्या (ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर वगैरे) नावावरून नको, कारण रोल उद्या बदलू शकतात, नवे बनू शकतात.

आणि आता नीट ऐका, कारण ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मेन्यूतून काढलं म्हणजे बंद झालं असं नाही. लिंक फक्त दिसत नाही. ज्याला पत्ता माहीत आहे तो ब्राउझरमध्ये टूल्स.पीएचपी टाइप करून सरळ तिथे पोचतो, आणि परवानगी असेल तर कामही करतो. हुकने आपण गर्दी कमी करतो, कुलूप लावत नाही. कुलूप म्हणजे रोल आणि कॅपेबिलिटी. पुतणीला ॲडमिनिस्ट्रेटर करून तिच्या मेन्यूतून प्लगइन्स लपवणं हा उपाय नव्हे, तिला एडिटर करा, एडिटरला प्लगइन टाकायची परवानगीच नसते आणि पेज, पोस्ट, फोटो सगळं करता येतं. कितीतरी छोट्या साइटवर चार माणसं आणि चारही ॲडमिनिस्ट्रेटर असतात. डॅशबोर्ड सुंदर करायच्या आधी ते ठीक करा.

मेन्यूत आपलं काही घालायचं असेल तर याच हुकवर ॲड_मेन्यू_पेज. त्यात पानाचं नाव, मेन्यूत दिसणारं नाव, कॅपेबिलिटी, स्लग, मजकूर छापणारं फंक्शन, आयकॉन आणि जागेचा आकडा अशा क्रमाने गोष्टी जातात. कॅपेबिलिटी एडिट_पेजेस ठेवली की एडिटरला दिसतो. पण खरं सांगू का, डॅशबोर्डवर तीन मोठ्या लिंका असतील तर वेगळ्या मेन्यूची गरज क्वचितच पडते.

एक टीप क्रमाबद्दल. ॲडमिन_मेन्यू आधी येतो, ॲडमिन_इनिट नंतर. नाव वाचून उलटं वाटतं. शिवाय ॲडमिन_इनिट हा ॲडमिन-एजॅक्स.पीएचपी वर पण चालतो, तिथे कुठलंही पान उघडलेलं नसताना, म्हणून त्यावर "एडिटर असेल तर अमुक पानावर पाठवा" असं रिडायरेक्ट आंधळेपणाने टाकलं तर साइटवरची एजॅक्सवर (पान रिफ्रेश न करता मागून) चालणारी कामं तुटतात आणि कारण सापडत नाही.

वरची काळी पट्टी आणि थोडं सीएसएस

वरच्या पट्टीचा हुक ॲडमिन_बार_मेन्यू. यात आपल्या फंक्शनला बारचा ऑब्जेक्ट आयताच मिळतो, त्यावर रिमूव्ह_नोड बोलवून डब्ल्यूपी-लोगो दिलं की डावीकडचा लोगो जातो, कमेंट्स दिलं की कमेंटचा बुडबुडा. प्रायोरिटी इथेही ९९९.

सीएसएससाठी ॲडमिन_एनक्यू_स्क्रिप्ट्स. याच्यासोबत एक आर्ग्युमेंट येतं ज्यात सध्या कुठलं पान उघडलंय ते असतं, आणि डॅशबोर्डसाठी ते इंडेक्स.पीएचपी असतं. फंक्शनच्या सुरुवातीला बघा, इंडेक्स.पीएचपी नसेल तर रिटर्न. नाहीतर तुमचं सीएसएस सगळ्या ॲडमिनभर लागतं आणि कुठल्यातरी प्लगइनचं सेटिंग्जचं पान विस्कटतं. मग डब्ल्यूपी_एनक्यू_स्टाइलने आपली फाइल लावा, पत्त्यासाठी प्लगइन्स_यूआरएल.

सीएसएसमध्ये काय करायचं? फार नाही. आपल्या बॉक्समधल्या लिंका १८ पिक्सेलच्या करा, काकांनाही चष्मा न लावता वाचता आल्या पाहिजेत. आणि लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा. इंग्रजीला जी ओळींची उंची पुरते तीत मराठीच्या वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, "पूर्ण" आणि "स्त्री" असे शब्द लिहून बघा, लगेच दिसेल. रंग बदलायच्या फंदात पडू नका.

सूचनांच्या पट्ट्या

ॲडमिन_नोटिसेस हुकवर वरच्या पट्ट्या छापल्या जातात. आपली पण छापता येते, डिव्हला नोटिस आणि नोटिस-इन्फो असे क्लास द्यायचे: "पावसाळ्याचे भाव बदलले आहेत, फोनवर सांगताना नवी यादी बघा." इज-डिसमिसिबल क्लास लावला की फुलीचं बटन येतं, पण फुली मारून पान रिफ्रेश केलं की पट्टी परत हजर, कारण ती बंद केल्याचं कुठे साठवलं जात नाही. ते साठवायचं तर वेगळा कोड लागतो, सुरुवातीला त्यात नका पडू.

काही जण रिमूव्ह_ऑल_ॲक्शन्स लावून सगळ्याच पट्ट्या उडवतात. मोह होतो, कारण प्लगइनवाल्यांच्या जाहिराती खरंच वात आणतात. पण त्याच रस्त्याने अपडेटची सूचना आणि "डेटाबेस अपग्रेड करा" सारखी कामाची सूचना पण येते. सगळ्यांसाठी उडवू नका. एडिटरसाठी उडवली तर एकवेळ चालेल, ॲडमिनिस्ट्रेटरला दिसलीच पाहिजे.

आणि तो एकमेव फिल्टर: ॲडमिन_फुटर_टेक्स्ट. खाली वर्डप्रेसचे आभार लिहिलेले असतात त्या जागी अडचण आली तर कोणाला फोन करायचा ते लिहा. ॲड_फिल्टरने लावा आणि मजकूर एको नाही, रिटर्न करा.

चाललं नाही तर

डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी मध्ये डब्ल्यूपी_डीबग ट्रू करा, डब्ल्यूपी_डीबग_लॉग पण ट्रू, आणि डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स. या ओळी "स्टॉप एडिटिंग" लिहिलेल्या कमेंटच्या वर पाहिजेत, खाली टाकल्या तर लागू होत नाहीत. मग एरर डब्ल्यूपी-कंटेंट मधल्या डीबग.लॉग फाइलमध्ये लिहिली जाते, ओळीच्या नंबरासकट. खऱ्या साइटवर हे काम झालं की बंद करून ती फाइल काढून टाका, पत्ता माहीत असला तर बाहेरचा माणूसही ती वाचू शकतो.

एरर नाही, काही होतही नाही, असं असेल तर हुक येतोय का ते बघा. आपल्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत एरर_लॉग लावून "पोचलो" लिहा. लॉगमध्ये ते आलं म्हणजे हुक बरोबर आहे आणि गडबड आतल्या आयडीत किंवा प्रायोरिटीत आहे, नाही आलं तर हुकचं नाव किंवा वेळ चुकलीय. क्वेरी मॉनिटर नावाचा फुकटचा प्लगइन पण टाकून बघा, त्या पानावर कुठले हुक आले आणि कोणाचं फंक्शन कुठल्या प्रायोरिटीवर बसलंय हे सगळं तो यादी करून दाखवतो. हुक शिकायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

साइट पांढरी पडली, लॉगिनही होत नाही, तर घाबरू नका. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन आपल्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला फाइल सापडत नाही आणि प्लगइन बंद होतो, साइट परत येते. ५.२ व्हर्जनपासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक पण पाठवतं, त्यामुळे सेटिंग्जमध्ये तो ईमेल कोणाचा आहे आणि त्यावर मेल खरंच येतात का ते आधीच बघून ठेवा. बऱ्याच साइटवर तिथे पहिल्या डेव्हलपरचा कधीचा बंद पडलेला ईमेल असतो.

खऱ्या साइटवर टाकताना

आधी तुमच्याकडच्या साइटवर एडिटर रोलचा एक युजर बनवा आणि इनकॉग्निटो विंडोत त्याने लॉगिन करून बघा. तुमच्या स्वतःच्या लॉगिनने टेस्ट करून काही कळत नाही, तुम्हाला तर सगळं दिसतंच. मोबाइलवर पण उघडा, कारण पुतणी शेडमध्ये रोपं मोजता मोजता फोनवरूनच आकडे बदलणार आहे, आणि फोनवर आपला बॉक्स सगळ्यात वर येतो की चार बॉक्सच्या खाली जातो हे महत्त्वाचं आहे. खाली जात असेल तर डब्ल्यूपी_ॲड_डॅशबोर्ड_विजेटला शेवटचं प्रायोरिटीचं आर्ग्युमेंट देता येतं, तिथे हाय लिहा. हे आर्ग्युमेंट ५.६ पासून आलंय, आणि त्या युजरने आधी बॉक्स ओढून आपल्या मनासारखे लावलेले असतील तर त्याचा क्रम तसाच राहतो.

मग खऱ्या साइटचा बॅकअप, फोल्डरची झिप, प्लगइन्समधून अपलोड, ॲक्टिव्हेट. हे काम दुपारी सामसूम असताना करा, सकाळी शेतकऱ्यांचे फोन चालू असतात तेव्हा नाही. फाइलमध्ये प्रत्येक फंक्शनच्या वर मराठीत एक ओळ कमेंट लिहा की हे काय करतं आणि कोणासाठी, पुढे दुसऱ्या कोणाच्या हातात साइट गेली तर त्याला शोधत बसावं लागणार नाही.

वर्डप्रेसचं मोठं अपडेट आलं की आधी तुमच्याकडच्या साइटवर ते टाकून त्या एडिटर युजरने डॅशबोर्ड एकदा उघडा. एखादा काढलेला बॉक्स परत दिसायला लागला असेल तर इन्स्पेक्ट करून त्याचा नवा आयडी घ्या, तेवढी एक ओळ बदला, आणि मग खऱ्या साइटवर अपडेट करा.